एका भूमीवर दोन बिशप : उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातील ख्रिस्ती पंथभेद आणि दुरावलेल्या श्रद्धावंतांचा प्रश्न

प्रास्ताविक

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके एकामागून एक लागतात. या नगरांची घडण एकाच साच्यातील नाही. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि १९४९ मध्ये 'कल्याण कॅम्प'चे उल्हासनगर झाले. शके ९८२ च्या शिवमंदिरामुळे इतिहासाला परिचित असलेले अंबरनाथ विसाव्या शतकात आगपेट्यांचा कारखाना, आयुधनिर्माणी आणि औद्योगिक वसाहत यांमुळे कामगारांचे गाव बनले. बदलापूर तर मुंबईत घर न परवडणाऱ्या मध्यमवर्गाने अलीकडच्या काही दशकांत वाढवले. कामाच्या व निवाऱ्याच्या शोधात येथे आलेल्या लोकांत ख्रिस्ती कुटुंबेही होती. ठाणे-साष्टीतील ईस्ट इंडियन, गोवेकर व मंगळुरी, केरळमधील सुरियानी, तमिळ आणि अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) परिसरातील मराठी ख्रिस्ती अशी ही सरमिसळ होती. प्रत्येकाने आपल्या सामानासोबत आपले चर्चही आणले.

जनगणनेला हे वैविध्य दिसत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १०.८ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या एक टक्क्याहून किंचित कमी, नोंदली गेली. मात्र धर्माच्या रकान्यात पंथाला जागा नसते. बाहेरून एकजिनसी दिसणारा हा अल्पसंख्य समाज आतून अनेक उपासनापद्धती, अधिकारकेंद्रे आणि भाषा यांत विभागलेला आहे. या विभागणीला सर्रास 'सिद्धांतभेद' म्हटले जाते आणि दुरावलेल्या श्रद्धावंतांना परत आणण्यासाठी सिद्धांताचेच शिक्षण द्यावे, असा उपाय सुचवला जातो. या निदानाची ऐतिहासिक तपासणी प्रस्तुत लेखात केली आहे. महाराष्ट्रातील बहुतेक फुटी सिद्धांतावरून पडलेल्या नाहीत. त्या अधिकार, भाषा आणि वेतन यांवरून पडल्या आहेत, असे पुराव्यावरून दिसते. सिद्धांताचा खरा पेच प्रामुख्याने एकाच ठिकाणी आहे, तो म्हणजे बाप्तिस्मा.

अधिकारक्षेत्राचा जुना वाद

कल्याणचा ख्रिस्ती इतिहासातील उल्लेख फार जुना आहे. सहाव्या शतकातील ग्रीक प्रवासी कॉस्मस इंडिकोप्लुस्टेस याने 'कल्लियाना' येथे पर्शियातून नेमलेला बिशप असल्याचे लिहून ठेवले आहे. हे स्थळ म्हणजे ठाण्याजवळचे कल्याण की दक्षिणेकडील दुसरे एखादे बंदर, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु हा बिशप रोमचा नव्हे, पूर्वेचा होता, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

पोर्तुगीज काळात उत्तर कोकणातील कॅथलिक समाज 'पाद्रोआदो' व्यवस्थेखाली आला. पोपने पोर्तुगालच्या राजाला दिलेला धर्माश्रयाचा हा हक्क होता. बिशपांची निवड व चर्चेसचा सांभाळ त्यात येत असे. मुंबई बेट इंग्रजांकडे गेल्यावर पेच निर्माण झाला. गोव्याच्या आर्चबिशपाशी, पर्यायाने पोर्तुगालशी, निष्ठा असलेले धर्मगुरू आपल्या राज्यात असणे इंग्रजांना संशयास्पद वाटू लागले. १७२० मध्ये त्यांनी पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना बेटाबाहेर काढून रोमच्या 'प्रॉपगांडा' या धर्मप्रसार-मंडळाच्या कार्मेलाइट धर्मगुरूंना बोलावले. पुढे हक्क एकदा गोव्याकडे, एकदा प्रॉपगांडाकडे असा फिरत राहिला. अखेर १७९४ मध्ये मुंबईतील चर्चेस दोन्ही पक्षांत वाटली गेली आणि 'दुहेरी अधिकारक्षेत्र' अस्तित्वात आले. एकाच गावात, एकाच गल्लीत राहणारी दोन कॅथलिक कुटुंबे दोन वेगवेगळ्या बिशपांच्या आज्ञेत राहू लागली.

या दोन पक्षांत सिद्धांताचा तसूभरही फरक नव्हता. मिस्सा तीच होती, लॅटिन भाषा तीच होती आणि दोघेही पोपला मानणारे होते. तरीही कटुता एवढी होती की १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकल चर्चचा ताबा सुटू नये म्हणून प्रॉपगांडाचे बिशप हार्टमन यांनी स्वतःला चर्चमध्ये कोंडून घेतले. सरकारी हस्तक्षेपानंतर ते चर्च पाद्रोआदोकडे गेले. १८८६ च्या कराराने वाद मिटण्याऐवजी नव्या सीमा आखल्या गेल्या. १९२८ मध्ये दुहेरी अधिकार संपला, तोही मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज व ब्रिटिश असावा, या तडजोडीवर. ज्यांच्या आत्म्यांची ही वाटणी चालली होती त्या कोळी, कुणबी, भंडारी वंशाच्या ईस्ट इंडियन समाजाला या पाळीत स्थान नव्हते. व्हॅलेरियन ग्रेशियस हे १९५० मध्ये मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले आणि तो अध्याय संपला.

त्यानंतर चार दशकांच्या आतच या भूमीवर पुन्हा दोन बिशप आले. केरळमधून मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक भागांत आलेल्या सिरो-मलबार कॅथलिकांसाठी पोप दुसरे जॉन पॉल यांनी ३० एप्रिल १९८८ रोजी कल्याण धर्मप्रांताची स्थापना केली. २०२५ मध्ये त्याला महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला. सिरो-मलबार चर्च पोपच्या ऐक्यातच आहे. त्याची उपासनापद्धती मात्र पूर्व सुरियानी परंपरेची आहे. एका परीने कॉस्मसने नोंदलेला पूर्वेचा बिशप चौदा शतकांनी कल्याणला परतला, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु तो परतला मल्याळी भाषेसह आणि कारखान्यांतील व रुग्णालयांतील नोकरदारांच्या पाठोपाठ, हे विसरता येत नाही.

या वेळची व्यवस्था परस्परसंमतीची असल्याने १८५३ सारखे प्रसंग घडण्याचे कारण नव्हते. सामान्य कुटुंबाची अडचण वेगळ्या प्रकारची आहे. १९९० च्या पौर्वात्य चर्चसंहितेनुसार उपासनापरंपरा वारशाने मिळते. सर्वसाधारणतः मूल पित्याच्या चर्चचे मानले जाते. आईवडील दोघांनी मिळून इच्छा व्यक्त केल्यास ते आईच्या चर्चचे होऊ शकते. दुसऱ्या परंपरेच्या चर्चमध्ये वर्षानुवर्षे मिस्साला जाण्याने सदस्यत्व बदलत नाही. बदलण्यासाठी रोमची अनुमती लागते. अंबरनाथला जन्मलेला, मराठी वा इंग्रजी शाळेत शिकलेला आणि मित्रांसोबत लॅटिन पॅरिशमध्ये वाढलेला एखादा युवक कायद्याने सिरो-मलबार असतो, ही गोष्ट त्याला बहुधा लग्न ठरवताना कळते. 'तू आमचा नाहीस' असे त्याला कोणी म्हणत नाही, पण कागद तसे म्हणतो. येथे त्याचा भ्रमनिरास होतो तो श्रद्धेविषयी नव्हे, व्यवस्थेविषयी.

केरळमधील ऑर्थोडॉक्स आणि याकोबाइट यांच्यातील वादाची जातही हीच आहे. उपासना व श्रद्धासूत्र समान असलेल्या या दोन गटांत अंतिओखच्या पात्रिआर्कचा अधिकार आणि चर्चची मालमत्ता यांवरून शतकभर खटले चालले. सर्वोच्च न्यायालयाने ३ जुलै २०१७ रोजी १९३४ ची घटना मान्य करणारा निर्णय दिला, तरी तंटा शमला नाही. दोन्ही गटांचे मुंबईसाठी स्वतंत्र धर्मप्रांत आहेत.

परदेशातून आलेले भेद

प्रॉटेस्टंट पंथांची मराठी प्रदेशातील विभागणी तर बव्हंशी योगायोगाची आहे. १८१३ मध्ये मुंबईत आलेले अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल परंपरेचे, म्हणून त्याच्या कार्यक्षेत्रातील ख्रिस्ती काँग्रिगेशनल झाले. स्कॉटिश मिशन जेथे पोहोचले तेथील प्रेस्बिटेरियन, तर चर्च मिशनरी सोसायटी नाशिकजवळ शरणपूरला असल्याने तेथील अँग्लिकन झाले. धर्मांतर करणाऱ्याने पंथ निवडला नाही. त्याच्या तालुक्याने तो निवडला.

याचे ठळक उदाहरण १८४३ चे आहे. स्कॉटलंडमध्ये गावचा धर्मोपदेशक नेमण्याचा जमीनदाराचा हक्क मानावा की नाही, यावरून राष्ट्रीय चर्च दुभंगले आणि 'फ्री चर्च' निघाले. मुंबईतील जॉन विल्सन व त्यांचे सहकारी फ्री चर्चच्या बाजूने गेले. परिणामी त्यांना आपल्या शिक्षणसंस्थेची वास्तू जुन्या चर्चकडे सोडून नव्याने आरंभ करावा लागला. आजचे विल्सन महाविद्यालय त्या नव्या आरंभाचे फळ आहे. मुंबईच्या नवख्रिस्ती मंडळीचा स्कॉटिश जमीनदारांशी काडीचाही संबंध नव्हता, तरीही तीही 'फ्री' झाली.

हे भेद परके आहेत याची जाणीव भारतीय ख्रिस्ती नेत्यांना होतीच. प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल यांचे ऐक्य १९२४ मध्ये झाले. त्यानंतर चार दशकांच्या वाटाघाटींनी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स इत्यादी सहा मंडळ्यांची मिळून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाली. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट मात्र अगदी अखेरच्या क्षणी बाहेर राहिले. या वाटाघाटींत परके भेद तुलनेने सहज विरघळले. अडचणीचे दोन प्रश्न उरले. बिशपाविना दीक्षा घेतलेल्या पाळकांची दीक्षा खरी मानावी का, हा पहिला. त्यावर सर्वांनी सर्वांच्या मस्तकी हात ठेवण्याचा विधी योजून मार्ग काढला गेला; त्या विधीचा नेमका अर्थ प्रत्येकाने आपापल्या समजुतीनुसार लावला आणि तो स्पष्ट न करण्यातच शहाणपण होते. दुसरा प्रश्न बाप्तिस्म्याचा होता.

बाप्तिस्मा : जेथे सिद्धांत खरोखरच आडवा येतो

मराठी ख्रिस्ती भाषेतच हा भेद उमटला आहे. कॅथलिक 'स्नानसंस्कार' म्हणतात, प्रॉटेस्टंट 'बाप्तिस्मा' म्हणतात. कॅथलिक, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट आणि सुरियानी परंपरांत अर्भकालाही हा संस्कार दिला जातो, कारण तो प्रथमतः ईश्वराच्या कृपेचा दान-विधी समजला जातो. बॅप्टिस्ट, ब्रदरन व पेंटेकोस्टल यांच्या मते तो श्रद्धेची जाहीर कबुली आहे. अर्भक कबुली देऊ शकत नाही, म्हणून प्रौढपणी पाण्यात पूर्ण बुडवून घेतलेलाच बाप्तिस्मा खरा.

यातून एक विलक्षण स्थिती उद्भवते. लहानपणी चर्चमध्ये स्नानसंस्कार झालेली व्यक्ती पुढे एखाद्या पेंटेकोस्टल मंडळीत नदीत वा हौदात बाप्तिस्मा घेते. नव्या मंडळीच्या लेखी हा तिचा पहिलाच बाप्तिस्मा असतो. जुन्या चर्चच्या लेखी तो दुसरा असतो, आणि दुसरा बाप्तिस्मा असू शकत नाही. तो घेणे म्हणजे पहिल्याचा अव्हेर होय. कृती एकच, परंतु एका बाजूला ती नवजन्म आहे, दुसऱ्या बाजूला अपमान. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाने अर्भक-बाप्तिस्मा आणि श्रद्धावंताचा बाप्तिस्मा हे दोन्ही प्रकार एकाच छताखाली मान्य केले. जागतिक चर्च परिषदेच्या १९८२ च्या लिमा दस्तऐवजानेही दोन्ही प्रथांना समान प्रतिष्ठा देण्याची व पुनर्बाप्तिस्मा टाळण्याची शिफारस केली. बहुसंख्य पेंटेकोस्टल मंडळ्यांनी ही भूमिका स्वीकारलेली नाही. त्यांच्या दृष्टीने तडजोडीचा हा मार्ग म्हणजे मूळ प्रश्नाला दिलेली बगल आहे, आणि तर्काच्या पातळीवर त्यांचे म्हणणे दुबळे नाही.

पंडिता रमाबाई आणि श्रद्धेचा अधिकार

दुरावलेल्या श्रद्धावंताचे मन समजून घेण्यासाठी मराठी वाङ्मयात पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहाराइतके मोलाचे साधन क्वचितच आढळेल. रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. वाँटेजचा भगिनीसंघ अँग्लिकन चर्चमधील कर्मठ, कॅथलिकांना जवळच्या प्रवाहाचा होता. त्यांना त्या मार्गाकडे वळवण्यात नीलकंठशास्त्री ऊर्फ नेहेम्या गोरे यांचा वाटा होता. हे चित्पावन पंडित १८४८ मध्ये ख्रिस्ती झाल्यावरही आयुष्यभर शंकांशी झगडत राहिले.

बाप्तिस्म्यानंतर दोन वर्षांच्या आत रमाबाई आणि सिस्टर जेराल्डिन यांच्यात तीव्र मतभेद झाले. वरवर पाहता वाद त्रैक्य, कुमारीजन्म आणि अथनेशियन श्रद्धासूत्र या सिद्धांतांचा होता. पत्रे बारकाईने वाचली असता त्याचे मूळ अन्यत्र दिसते. चर्च सांगते म्हणून एखादी गोष्ट मानण्यास रमाबाई तयार नव्हत्या. बायबलात आपल्याला ती दिसली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. याच काळात चेल्टनहॅम येथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली तेव्हा मुंबई व लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. स्वदेशात पुरुषांच्या सभांतून निर्भयपणे बोललेल्या विदुषीला हे बंधन असह्य वाटले यात नवल नाही. सिस्टर जेराल्डिन यांना या स्वातंत्र्यात अहंकार दिसला. डोरोथिया बील यांनी मात्र शंकेला शंका म्हणूनच उत्तर देण्याचा प्रयत्न केला. दुरावणाऱ्या माणसाशी बोलण्याच्या या दोन रीती होत्या, आणि रमाबाईंचा संवाद कोणाशी अधिक मोकळा राहिला हे पत्रेच सांगतात.

रमाबाईंनी पुढे १९०७ च्या आत्मनिवेदनात ख्रिस्ती पंथांच्या गर्दीने आपण कशा गोंधळून गेलो, हे नमूद केले आहे. त्यांनी कोणत्याही एका पंथाचा शिक्का पत्करला नाही. केडगावचे मुक्ती मिशन पंथनिरपेक्ष राहिले. तेथे १९०५ मध्ये झालेल्या आध्यात्मिक जागृतीकडे जागतिक पेंटेकोस्टल चळवळीच्या आरंभीच्या घटनांपैकी एक म्हणून पाहिले जाते. लॉस एंजलिसच्या अझुसा स्ट्रीटवरील प्रसिद्ध सभा त्यानंतरच्या वर्षीच्या आहेत. पेंटेकोस्टल उपासना म्हणजे अलीकडे बाहेरून आलेली टूम, असे जुन्या पंथांतील काही लोक मानतात. पुणे जिल्ह्यातील या घटनेपुढे तो समज टिकत नाही.

'देवाचा दरबार' आणि पगाराचा प्रश्न

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये अमेरिकन मराठी मिशनमध्ये झाला. दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी मिशनची सेवा केली, 'ज्ञानोदय'चे संपादकत्व सांभाळले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडून संन्यस्त वृत्ती स्वीकारली व सातारा येथे 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना या बंधुत्वात प्रवेश होता. ख्रिस्ताविषयी ओढ आहे, परंतु परकीय मिशनच्या चौकटीत जाणे मान्य नाही, अशा माणसांसाठी हे दार उघडले होते.

टिळकांचे मिशनशी सैद्धांतिक भांडण नव्हते, ही बाब येथे निर्णायक आहे. परदेशातून येणारा पगार, त्यापाठोपाठ येणारा गोरा अधिकारी आणि त्यामुळे ख्रिस्ती होणे म्हणजे परके होणे ही समाजाची समजूत, यांवर त्यांचा आक्षेप होता. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले आणि दरबार विखुरला. संस्था नसल्यामुळेच तो आकर्षक होता आणि संस्था नसल्यामुळेच तो टिकला नाही. रमाबाईंचे मुक्ती मिशन टिकले, कारण तेथे शेती, छापखाना, निवास आणि रोजचे काम होते. टिळकांची पदे मात्र पंथ न विचारता मराठी मंडळ्यांतून गायली जात राहिली. सहा पंथांच्या करारापूर्वी पन्नास वर्षे त्या भजनांनी ऐक्याचे काम केले होते.

उल्हास नदीच्या काठची आजची स्थिती

या इतिहासाच्या प्रकाशात कल्याणपलीकडील नगरांकडे पाहिल्यास दुरावलेल्यांचे तीन वर्ग करता येतात. जुने चर्च सोडून नव्या मंडळीत गेलेले; कोठेच न जाणारे; आणि कोठेही नाव न नोंदवता श्रद्धा बाळगणारे. पहिल्या वर्गाकडे सर्वांचे लक्ष असते, कारण त्यात एकाची गळती ही दुसऱ्याची भरती असते. उल्हासनगरातील दाट वस्तीत हिंदी व सिंधी भाषांतून, अंबरनाथ-बदलापूरच्या सदनिकांतून मराठी, तमिळ व मल्याळम भाषांतून भरणाऱ्या प्रार्थनासभा मोठ्या पॅरिशला न जमणारी एक गोष्ट करतात : आलेल्या माणसाला नावाने ओळखतात. आजारपण, कर्ज, व्यसनी पती, नोकरी गेलेला मुलगा या गोष्टींसाठी तेथे मोठ्याने प्रार्थना होते. कॅथलिक बाजूने कॅरिस्मॅटिक नवचैतन्य चळवळ आणि कल्याणच्या ताबोर आश्रमासारखी साधनाकेंद्रे हीच गरज ओळखून काम करतात. तेथील टाळ्या, स्तुतिगान व आरोग्यप्रार्थना पाहिल्यास जुन्या चर्चने प्रतिस्पर्ध्याची उपासनारीती स्वीकारून आपली माणसे राखली, हे ध्यानात येते. याला पराभव म्हणण्याचे कारण नाही.

मात्र व्यवहारात भेदाची किंमत दोन प्रसंगी चुकवावी लागते. पहिला प्रसंग विवाहाचा. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार बिशपाकडून दीक्षित धर्मगुरू, चर्च ऑफ स्कॉटलंडचे धर्मोपदेशक, शासनाचा परवाना मिळालेले धर्मोपदेशक आणि विवाह निबंधक अशा ठरावीक व्यक्तींनाच विवाह लावता येतो. अधिकार नसताना विवाह लावणे हा गुन्हा आहे. स्वतंत्र मंडळीच्या पाळकाकडे असा परवाना नसेल तर त्याच्या मंडळीतील वधूवरांना निबंधकाकडे किंवा सोडून आलेल्या चर्चकडे जावे लागते. कायद्याच्या यादीत स्कॉटलंडच्या चर्चचा नावाने उल्लेख आहे, उल्हासनगरच्या एखाद्या सभेचा नाही. १८४३ चा वाद आपल्या विधिपुस्तकात असा अजून शिल्लक आहे.

दुसरा प्रसंग मृत्यूचा. दफनभूमी बहुधा एखाद्या पॅरिशच्या किंवा पंथाच्या ताब्यात असते आणि नोंदवहीत नाव असलेल्यांचा तेथे पहिला हक्क मानला जातो. वीस वर्षे दुसरीकडे प्रार्थनेला गेलेल्या माणसाचे नातलग जुन्या चर्चच्या दारी येतात तेव्हा धर्मगुरूपुढे सिद्धांताचा ग्रंथ नसतो, रडणारे कुटुंब असते. कॅथलिक चर्चचा १९६४ चा ऐक्यविषयक हुकूमनामा ख्रिस्तावर श्रद्धा ठेवून रीतसर बाप्तिस्मा घेतलेल्या अन्य पंथीयांना अपूर्ण का होईना, पण ऐक्यात असलेले बंधू मानतो. त्या वाक्याचा अर्थ दफनभूमीच्या फाटकाशी काय लावायचा, हे ठरवण्याचे काम बहुतेक वेळा नोंदवही सांभाळणाऱ्या समितीकडे येते. आणि कुटुंब त्यानंतर कोणत्या चर्चला जाईल, की कोठेच जाणार नाही, हे त्या एका दुपारच्या उत्तरावर ठरते.